ड्यूकच्या रानातला लार्च: युरोपी की जपानी?

स्कॉटलंडमधल्या डंकेल्डच्या टेकड्यांवर लार्च या सुईसारख्या पानांच्या झाडाचं रान उभं राहिलं ते अ‍ॅथॉलच्या ड्यूक घराण्यामुळे. १७३८ साली आल्प्समधल्या टिरोलहून आलेली थोडी रोपं तिथल्या कॅथीड्रलजवळ लावली, त्यातलं एक अजून उभं आहे. चौथ्या ड्यूकने (१७५५-१८३०) तर उघड्या डोंगरांवर लाखोंनी लार्च लावले. त्याचं लाकूड जहाजाला चालतं का हे पाहायला नौदलाने १८२० मध्ये 'अ‍ॅथॉल' नावाची युद्धनौका लार्चमध्ये बांधली. हा सगळा युरोपी लार्च. जपानी लार्च याच घराण्याने १८८०च्या दशकात आणला, आणि कुठला लार्च कोणता हा घोळ तिथून सुरू झाला.

दोन्ही सूचिपर्णी, तरी हिवाळ्यात पानं झाडणारे. पानं नसताना डहाळी पाहावी: युरोपीची कोवळी डहाळी गवताच्या काडीसारखी फिकट पिवळी, जपानीची तांबूस, वर पुष्कळदा मेणासारखी पांढुरकी साय. उन्हाळ्यात जपानीची पानं जरा रुंद आणि निळसर दिसतात, उलटी केली की खाली दोन पांढरट पट्टे.

खरा भरवसा मात्र शंकूवर, म्हणजे बिया धरणाऱ्या खवलेदार बोंडावर. जपानीच्या खवल्यांच्या कडा गुलाबाच्या पाकळ्यांसारख्या बाहेर वळतात आणि शंकू बुटका, गोलसर असतो. युरोपीचे खवले सरळ, शंकू थोडा लांबट. शंकू ओला असेल तर खवले मिटतात, मग कडा नीट कळत नाही. आधी घरात सुकवावा. एकाच शंकूवर निकाल देऊ नये, चार-पाच झाडांखालचे गोळा करावेत.

ही उठाठेव कशासाठी? युरोपीला कँकर नावाचा बुरशीचा रोग लागतो, खोडावर खोलगट, डिंक गळणाऱ्या जखमा पडतात. जपानी ती बरीच सोसतो, पण कोरड्या जमिनीत रडतो. शिवाय २००९ मध्ये नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये फायटोफ्थोरा रॅमोरम या रोगाने त्यालाच गाठलं. हा रोग युरोपीलाही लागतो, पण फैलाव मुख्यतः जपानीवरून होतो, म्हणून रोगट रानं तोडावी लागतात.

कडा अर्धवट वळलेल्या दिसल्या तर तो बहुधा दोघांचा संकर, डंकेल्ड लार्च. डंकेल्डला दोन्ही शेजारी वाढले, वाऱ्याने पराग नेले आणि तो आपोआप झाला. वाढीला जोमदार, पण त्याचं बी धरून रोपं करू नयेत. पुढच्या पिढीत एक झाड सरळसोट, तर शेजारचं वाकडं, मंद, अशी खिचडी निघते. बी हवं तर दोन्ही जातींची निवडक झाडं शेजारी लावलेल्या बीज-बागेतलंच घ्यावं.