कॅरोलिंजियन कला आणि रोमन साम्राज्याचं पुनरुज्जीवन

कॅरोलिंजियन कला म्हणजे साधारण इ.स. ७८० ते ९०० या काळात फ्रँक नावाच्या जर्मानिक लोकांच्या राजांच्या, म्हणजे शार्लमेन आणि त्याच्या वंशजांच्या आश्रयाने पश्चिम युरोपात तयार झालेली कला. आजचा फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि उत्तर इटली एवढा हा पसारा. इमारती, हस्तलिखितं, हस्तिदंती कोरीवकाम, ब्राँझचं ओतकाम, नाणी असं सगळं यात येतं, आणि या सगळ्यामागे एकच हट्ट दिसतो, तो म्हणजे आम्ही रोमचे वारस आहोत हे दाखवायचा.

हट्ट म्हणायचं कारण असं की हा वारसा सरळ हातात आलेला नव्हता. पश्चिमेतली रोमन बादशाही ४७६ मध्येच संपली होती. २५ डिसेंबर ८०० ला पोप लिओ तिसरा याने रोममध्ये फ्रँक राजा शार्लमेनच्या डोक्यावर सम्राटाचा मुकुट ठेवला, पण तिकडे कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचं इस्तंबूल) रोमन म्हणवणारी गादी चालूच होती, त्या वेळी तिथे आयरीन नावाची बाई राज्य करत होती, आणि त्यांच्या नजरेत हा फ्रँक म्हणजे उपरा. त्यांनी त्याला सम्राट म्हणून मान्यता दिली ती ८१२ मध्ये. मधल्या काळात दावा सिद्ध करायचा कसा, तर दिसेल अशा गोष्टींतून. शार्लमेनच्या शिक्क्यावर रोमन साम्राज्याचं नूतनीकरण अशा अर्थाचा लॅटिन मजकूर होता आणि शेवटच्या वर्षांतल्या त्याच्या चांदीच्या नाण्यांवर तो चक्क जुन्या रोमन सम्राटांसारखा डोक्यावर पानांचा मुकुट घालून एका बाजूने दाखवलाय.

सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे जर्मनीतल्या आखेनचं राजवाड्यातलं चॅपल, म्हणजे राजाचं प्रार्थनामंदिर. आखेनला गरम पाण्याचे झरे आहेत, रोमन लोकांनी तिथे स्नानगृहं बांधली होती आणि शार्लमेनला पोहायची प्रचंड आवड, कधीकधी शंभरावर माणसं त्याच्याबरोबर पाण्यात असायची असं त्याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो. चॅपल मेट्सच्या ओडोने बांधलं, काम साधारण ८०० च्या आसपासचं. मधला भाग अष्टकोनी, बाहेरची भिंत सोळा बाजूंची, आतली उंची सुमारे ३१ मीटर. नमुना म्हणून समोर होतं इटलीतल्या रावेन्नाचं सान व्हिताले चर्च, जे ५४७ मध्ये पूर्ण झालं. पण नुसता आराखडा उचलून भागलं नाही, संगमरवरी खांबसुद्धा रोम आणि रावेन्नाहून आणले, पोप हेड्रियनने तशी परवानगी दिल्याचं पत्रही आहे. आल्प्स ओलांडून दगड वाहून न्यायचे ही काय गंमत नाही, जवळपास दगड मिळत नव्हता असंही नाही. त्या खांबांना रोमचा हात लागलेला होता हीच त्यांची किंमत. रावेन्नाहूनच इटलीवर राज्य केलेल्या थिओडोरिक या गॉथ राजाचा अश्वारूढ पुतळाही आखेनला आणला होता. ब्राँझचे दरवाजे आणि कठडे मात्र आखेनमध्येच ओतले, म्हणजे एवढं मोठं ओतकाम करणारे कारागीर तिथे होते. (आज आत गेल्यावर दिसणारं झगमगीत मोझेक बहुतेक १९व्या-२०व्या शतकातलं आहे, ते शार्लमेनच्या खात्यात टाकू नये.)

आता रोम म्हणजे नेमकं कुठलं रोम? पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळातलं, देवळांचं आणि वेगवेगळ्या देवांचं रोम या लोकांना फारसं नको होतं, त्यांना हवा होता कॉन्स्टंटाइन, म्हणजे ख्रिस्ती धर्माला जवळ करणारा पहिला सम्राट. रोममधला सम्राट मार्कस ऑरेलियसचा घोड्यावरचा पुतळा मध्ययुगात कॉन्स्टंटाइनचाच समजला जायचा आणि त्यामुळेच वितळवला गेला नाही. त्याची छोटी आवृत्ती म्हणावी अशी ब्राँझची मूर्ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, मेट्सच्या कॅथेड्रलमधून आलेली, जेमतेम २४ सेंटीमीटरची. हातात गोल, डोक्यावर मुकुट, पण मिशा आणि आखूड अंगरखा मात्र अस्सल फ्रँक! स्वार शार्लमेन आहे की त्याचा नातू चार्ल्स द बॉल्ड यावर अजून वाद चालतो. जर्मनीतल्या लोर्शच्या मठाबाहेरची तीन कमानींची इमारतही रोममधल्या कॉन्स्टंटाइनच्या विजय कमानीची आठवण करून देते, फक्त वरच्या मजल्यावरची लाल-पांढऱ्या दगडांची नक्षी कुठल्याही रोमन माणसाला अनोळखी वाटली असती.

माझ्या मते या चळवळीचं खरं यश इमारतींत नाही, पुस्तकांत आहे. ७८१ ते ७८३ मधलं गोडेस्काल्कचं गॉस्पेल पुस्तक (गॉस्पेल म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रं) जांभळ्या रंगवलेल्या चर्मपत्रावर सोन्या-चांदीच्या शाईने लिहिलंय, जांभळा हा सम्राटांचा रंग. ८०० च्या सुमाराच्या राज्याभिषेक गॉस्पेलमध्ये तर पांढरी वस्त्रं घातलेले गॉस्पेलचे लेखक सावली-उजेडासकट रंगवलेत, जणू जुन्या रोमन भिंतीवरून उतरलेत, आणि त्याच्या आधीची त्या भागातली चित्रं बघितली की हा बदल केवढा मोठा होता ते कळतं. पुढे रॅंसचा आर्चबिशप एबो याच्या गॉस्पेलमध्ये हीच पद्धत वेगळ्या वाटेला लागते, कपड्यांच्या चुण्या, केस, डोंगर सगळं थरथरतंय असं वाटतं, आणि उट्रेख्ट साल्टर या स्तोत्रांच्या पुस्तकात नुसत्या शाईच्या रेघांनी शेकडो माणसं पळतायत. इथे नक्कल संपली आणि स्वतःचं काहीतरी सुरू झालं.

अक्षरांचंही तसंच. कॅरोलिंजियन मिनस्क्युल नावाची सुटसुटीत गोल लिपी या मठांतून पसरली, इंग्लंडमधल्या यॉर्कहून आलेला विद्वान ॲल्क्विन याचा फ्रान्समधल्या तुरचा मठ त्यात पुढे होता. लॅटिन साहित्यातल्या कितीतरी ग्रंथांच्या आज टिकलेल्या सगळ्यात जुन्या प्रती याच काळातल्या आहेत. १५व्या शतकातल्या इटालियन विद्वानांना ही अक्षरं खुद्द रोमन वाटली, त्यांनी ती उचलली, पुढे छपाईत गेली, आणि आज इंग्रजी पेपरात आपण वाचतो ती छोटी अक्षरं तिथूनच आलेली. गंमत म्हणजे शार्लमेनला स्वतःला लिहिता येत नव्हतं, उशीखाली पाट्या ठेवून सराव करायचा पण वय झाल्यावर सुरुवात केल्याने फारसं जमलं नाही, हेही आइनहार्डनेच लिहून ठेवलंय.

८४३ च्या व्हर्दूनच्या तहात राज्याचे तीन तुकडे झाले, वर व्हायकिंगांचे हल्ले, त्यामुळे ९व्या शतकाच्या शेवटी दरबारी कलेचा जोर ओसरला. कल्पना मात्र मेली नाही. ९६२ मध्ये जर्मन राजा ऑटो पहिला रोममध्ये सम्राट झाला आणि त्याचा नातू ऑटो तिसरा याने शिक्क्यावर पुन्हा तीच नूतनीकरणाची घोषणा घातली. आखेनच्या खजिन्यातल्या लोथारच्या क्रॉसवर, जो साधारण १००० सालचा आहे, मधोमध ख्रिस्ताऐवजी सम्राट ऑगस्टसचा जुना कोरीव खडा बसवलाय, म्हणजे शार्लमेनच्या लोकांनी जरा लांबच ठेवलेला ऑगस्टस इथे थेट क्रॉसवर. ऑटो तिसऱ्याचा गुरू, जर्मनीतल्या हिल्डेसहाइमचा बिशप बर्नवार्ड याने तर रोममधल्या सम्राट ट्राजनच्या स्तंभासारखा ब्राँझचा स्तंभ करवून घेतला, उंची पावणेचार मीटरच्या थोडी वर, आणि गोल फिरत वर जाणाऱ्या पट्टीत ट्राजनच्या लढायांच्या जागी येशूच्या आयुष्यातले प्रसंग.