पार्श्वभूमी: शंभर गुणांनी हरवलं तरी हात आखडता का घेत नाहीत?

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये सामना कधीच खिशात घातलेला संघही शेवटच्या भोंग्यापर्यंत गोल करत राहतो आणि त्याला कुणी उर्मट म्हणत नाही. याचं मूळ गुणतक्त्यात आहे. 1897 मध्ये व्हिक्टोरियन लीग सुरू झाली तेव्हा गोलला 6 आणि बिहाइंडला (चेंडू मधल्या खांबांऐवजी बाजूच्या खांबांमधून गेला तर) 1 गुण ठरला. त्याआधी निकाल निव्वळ गोलांवर लागे. विजय सारखे झाले की 'पर्सेंटेज' बघतात: केलेले गुण भागिले खाल्लेले गुण, गुणिले शंभर. आपल्या नेट रनरेटचाच भाऊबंद. 2017 मध्ये वेस्ट कोस्ट आणि मेलबर्न या दोघांचेही 12 विजय होते, पण किंचित सरस पर्सेंटेजवर वेस्ट कोस्ट आठवा येऊन बाद फेरीतली शेवटची जागा घेऊन गेला आणि मेलबर्न घरी बसला. इथे दया दाखवणं परवडत नाही.

1919 मध्ये साउथ मेलबर्नने सेंट किल्डाला 171 गुणांनी लोळवलं. शेवटच्या पाव भागात त्यांनी 17 गोल केले. हा उच्चांक साठ वर्षं टिकला. 1979 मध्ये फिट्झरॉयने मेलबर्नला 190 गुणांनी हरवलं आणि तो आकडा अजून कुणी ओलांडलेला नाही.

बोलणी खावी लागतात ती हरणाऱ्याला. 2011 मध्ये जिलाँगने मेलबर्नवर 186 गुणांनी विजय मिळवला, आणि दोन दिवसांच्या आत मेलबर्नचे प्रशिक्षक डीन बेली यांची नोकरी गेली. कित्येक बालगटांत मात्र फरक फार वाढला की धावफलकच थांबवतात. मोठ्यांना ती सवलत नाही.

एकतर्फी सामन्यांची खरी चिंता लीगला, कारण निकाल आधीच ठाऊक असलेला सामना बघायला कोण येणार? 1985 मध्ये क्लबांच्या पगारखर्चावर मर्यादा आली, 1986 मध्ये ड्राफ्ट, म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याची पद्धत. तळाच्या संघाला नव्या खेळाडूंची पहिली निवड मिळू लागली आणि मुद्दाम हरण्याचा संशयही त्यासोबतच आला. 2009 च्या हंगामातल्या अशाच प्रकरणात 2013 मध्ये मेलबर्नला 5 लाख डॉलर दंड झाला. क्लब मुद्दाम हरला नाही, असंही लीगनेच सांगितलं! हे गणित मला आजवर पटलेलं नाही.

उपाय सगळ्यांना तारू शकले नाहीत. विक्रमवीर फिट्झरॉय 1996 मध्ये मेलबर्न शहरातला आपला शेवटचा सामना रिचमंडकडून 151 गुणांनी हरला आणि हंगामानंतर ब्रिस्बेनच्या क्लबमध्ये विलीन झाला. रिचमंडला बाद फेरी गाठायची होती, त्यामुळे निरोपाच्या सामन्यातही सूट मिळाली नाही. एवढं करूनही रिचमंड नववाच राहिला.