बेहिस्तून: खालून वाचता न येणारा शिलालेख

इराणमध्ये केरमानशाहहून हमदानकडे निघालं की सुमारे 30 किलोमीटरवर बेहिस्तूनचा चुनखडीचा कडा लागतो. स्थानिक लोक त्याला बिसुतून म्हणतात. रस्त्यावरून मान वर करून पाहिलं तर आकृत्या कशाबशा ओळखू येतात, अक्षरं अजिबात नाहीत. पर्शियाचा सम्राट पहिल्या दारियसने इ.स.पू. 520च्या आसपास हा सुमारे 15 मीटर उंच आणि 25 मीटर रुंद पसारा कोरून घेतला. काम संपल्यावर वर जायची वाटही तोडून टाकली. वाचायचा मजकूर वेगळा पाठवला होता: बाबिलोनमध्ये दगडावरच्या प्रतीचे तुकडे सापडले, इजिप्तमधल्या एलिफंटाइन बेटावर पपायरसवरची, अरमाइक या साम्राज्याच्या कारभाराच्या भाषेतली प्रत.

शिल्पात दारियसचा पाय आडव्या पडलेल्या गौमाताच्या, म्हणजे दारियसच्या म्हणण्याप्रमाणे सिंहासन बळकावणाऱ्याच्या, छातीवर आहे आणि समोर गळ्यात दोर बांधलेले नऊ बंडखोर. दारियसची दाढी वेगळ्या दगडाची, लोखंडी खिळे आणि शिसं वापरून बसवलेली. शेवटचा कैदी, टोकदार टोपीवाला स्कुंखा, हा शकांचा नायक. त्याचा पराभव नंतर झाला, म्हणून त्याची आकृतीही नंतर घुसवली. त्या नादात उजवीकडच्या एलामी (इराणमधली एक प्राचीन भाषा) मजकुराचा काही भाग तासला गेला. मग तोच मजकूर डावीकडे खाली पुन्हा कोरावा लागला. राजेशाही कामातली ही खाडाखोड आजही स्पष्ट दिसते.

मजकूर जुनी पर्शियन, एलामी आणि बाबिलोनी अशा तीन भाषांत, अक्षरं पाचरीच्या आकाराच्या खुणांची. जुन्या पर्शियनच्या 414 ओळी पाच स्तंभांत बसवल्या आहेत. शब्द कुठे संपतो ते एक तिरकी पाचर सांगते, त्यामुळे लिपीचा उलगडा सोपा झाला. मराठी वाचकाला तर काही शब्द ओळखीचेच वाटतील. ‘मना पिता विश्तास्प’ म्हणजे ‘माझा पिता विश्तास्प’. ‘अदम्’ म्हणजे संस्कृतातलं ‘अहम्’. एक खोच मात्र आहे: व्यंजनाआधीचा अनुनासिक या लिपीत लिहीत नाहीत. ‘गदार’ असं कोरलेलं असतं, वाचायचं ‘गंदार’, म्हणजे गांधार.

ब्रिटिश लष्करी अधिकारी हेन्री रॉलिन्सनने 1835 पासून नकला उतरवल्या. पर्शियन मजकुरासाठी अरुंद कपारीवर शिडी टेकवून काम भागलं. बाबिलोनी मजकूर मात्र पुढे झुकलेल्या दगडावर होता. 1847 मध्ये एका कुर्दी मुलाने भेगांत लाकडी खुंट्या ठोकल्या, दोरावर लोंबकळत पलीकडे गेला आणि कागदी ठसे घेतले. ओला कागद दगडावर चिकटवून ब्रशने ठोकायचा, म्हणजे तो कोरीव खाचांत उतरतो. वाळला की सोलून काढायचा. आपल्याकडे ताम्रपट-शिलालेखांच्या ठशांना शाई लागते, इथे नाही. कागद अर्धवट वाळलेला असताना सोलला तर फाटतो आणि उमटलेला आकार बिघडतो. 1948 मध्ये अमेरिकन अभ्यासक जॉर्ज कॅमेरॉनने रबराच्या चिकाचे साचे घेतले. त्यात अक्षरांची खोली अधिक नीट उतरते, पण दगड सैल असेल तर साच्याबरोबर कपचीही निघून येण्याची भीती.

उंचीने माणसांचे हात दूर ठेवले, पाणी अडवलं नाही. भेगांतून झिरपणारं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं. ते किंचित आम्ल असतं आणि चुनखडी विरघळवतं. पाणी वाळतं तिथे तोच चुना पुन्हा थर होऊन बसतो आणि पाचरी बुजवतो. एकाच कड्यावर काही ओळी झिजलेल्या आणि काही झाकलेल्या आहेत, त्या यामुळे. झिजलेलं अक्षर परत येत नाही. 2006 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या या स्थळाची डागडुजी म्हणूनच आधी वरच्या भेगांकडे बघून करावी लागते, अक्षरांकडे नंतर.