राऊल कॉर्टेझ: भाड्याच्या तासांपासून स्वतःच्या स्टेशनपर्यंत

अमेरिकेतल्या स्पॅनिश टीव्हीचा विषय निघाला की बहुतेक जण युनिव्हिजन या तिथल्या मोठ्या स्पॅनिश टीव्ही नेटवर्कपासून सुरुवात करतात, फार तर 1960 च्या दशकापर्यंत मागे जातात. पण त्या सगळ्याच्या मुळाशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरातला राऊल कॉर्टेझ नावाचा मेक्सिकन माणूस आहे, आणि त्याचं नाव आपल्याकडे सोडाच, तिकडेही फारसं कुणी घेत नाही. म्हणून ही पार्श्वभूमी जरा सविस्तर लिहितोय.

कॉर्टेझचा जन्म 1905 चा, मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ राज्यातल्या हालापा शहरातला. 1910 ला मेक्सिकोत क्रांती पेटली, पुढची कित्येक वर्षं देश धुमसत राहिला आणि लाखो लोक सरहद्द ओलांडून उत्तरेला गेले. त्यातले खूप जण सॅन अँटोनिओत थांबले. तिथे आधीपासून मेक्सिकन वस्ती होती, 1913 पासून 'ला प्रेन्सा' नावाचं स्पॅनिश वर्तमानपत्र निघत होतं, काम मिळत होतं. पण काम कसलं, तर उदाहरणार्थ पेकन नावाचा सुकामेवा फोडून सोलायचं, बंद खोल्यांत धूळ खात, अगदी तुटपुंज्या मजुरीवर. 1938 मध्ये त्यातलीही मजुरी कापली तेव्हा जवळजवळ 12,000 कामगारांनी संप केला, त्यात बहुतेक बायका होत्या, आणि त्यांचं नेतृत्व एमा तेनायुका ही विशीतली पोरगी करत होती. शहर असं होतं. हॉटेलांच्या दारावर मेक्सिकन लोकांना प्रवेश नाही असे बोर्ड, शाळा वेगळ्या, आणि मत द्यायचं तर आधी पोल टॅक्स भरा, पावणेदोन डॉलरपर्यंत. दिवसभर राबून मूठभर सेंट हातात पडणाऱ्या माणसाने तो कुठून भरायचा?

कॉर्टेझने आधी 'ला प्रेन्सा'त बातमीदारी केली, मग पर्ल नावाच्या बिअर कंपनीत सेल्समनचं काम. याच काळात तो रेडिओत शिरला, आणि कसा शिरला ते समजून घेतलं पाहिजे कारण पुढचं सगळं त्यातून आलंय. तिकडे रेडिओ म्हणजे खाजगी धंदा, आपल्या आकाशवाणीसारखं सरकारी काही नाही. इंग्रजी स्टेशनांचे मालक ज्या वेळेला जाहिराती मिळायच्या नाहीत ती वेळ, म्हणजे भल्या पहाटेची किंवा रात्री उशिराची, स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांना भाड्याने द्यायचे. तो तास विकत घ्यायचा, गायक-वादक स्वतः गोळा करायचे, बेकरीवाला, किराणावाला, फर्निचरवाला यांच्याकडे स्वतः फिरून जाहिराती आणायच्या, मग भाडं वजा जाता जे उरेल ते आपलं. कॉर्टेझने स्थानिक के-मॅक स्टेशनवर असाच वेळ घेतला. सेल्समन असल्याने दुकानदार कसा पटवायचा हे त्याला बरोबर माहीत होतं.

पण भाड्याची जागा ती भाड्याचीच. मालकाला वाटलं की कार्यक्रम बंद. आणि नुसतं बंद होण्यावर भागायचं असंही नाही. लॉस एंजेलिसमध्ये पेद्रो गोन्झालेस नावाचा निवेदक पहाटेचा स्पॅनिश कार्यक्रम करायचा, शेतावर निघालेले मजूर तो ऐकायचे. 1930 च्या दशकात मंदी आली तेव्हा मेक्सिकन लोकांना, त्यातल्या अमेरिकन नागरिक असलेल्यांनासुद्धा, गाड्या भरभरून परत पाठवायला लागले, आणि गोन्झालेस त्याविरुद्ध माइकवर बोलला. 1934 ला त्याला बलात्काराच्या आरोपात अडकवलं, आरोप करणाऱ्या मुलीने नंतर जबाब फिरवला तरी त्याला तुरुंगात ठेवलं आणि 1940 ला सोडलं ते थेट मेक्सिकोत धाडायला. स्पॅनिश रेडिओवर काम करणाऱ्या कुणाही माणसाला या गोष्टीतून काय कळायचं ते कळलं असणार.

1944 मध्ये कॉर्टेझने स्वतःच्या स्टेशनच्या लायसन्ससाठी अर्ज केला. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतल्या प्रसारणाकडे सरकार संशयाने बघत होतं, त्यामुळे अशा वेळी पूर्णवेळ स्पॅनिश स्टेशन मागणं हे धाडसच. त्याने मुद्दा असा मांडला की मेक्सिकन-अमेरिकन लोकांना युद्धाच्या कामात सामील करून घ्यायचं असेल तर त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलावं लागेल. मला हा युक्तिवाद फार हुशारीचा वाटतो, आणि खोटाही नव्हता, कारण हजारो मेक्सिकन-अमेरिकन पोरं तेव्हा आघाडीवर होतीच. लायसन्स मिळालं आणि 1946 मध्ये 1350 एएम वर के-सी-ओ-आर सुरू झालं (अक्षरांत त्याचं आडनाव सरळ दिसतंय). मालक स्वतः मेक्सिकन आणि दिवसभर स्पॅनिश, असं अमेरिकेतलं हे पहिलं स्टेशन.

स्टेशनवर मुख्यतः गाणी, बातम्या, विनोदी कार्यक्रम आणि भरपूर जाहिराती. ते चळवळीचं भोंगा-स्टेशन नव्हतं, धंदाच होता, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. पोल टॅक्स भरा, मतदार व्हा हे सांगायलासुद्धा आधी लोकांनी रेडिओ लावलेला असावा लागतो.

दुसरीकडे कॉर्टेझ 'लुलाक'मध्ये होता. ही 1929 ला टेक्सासच्याच कॉर्पस क्रिस्टीत स्थापन झालेली मेक्सिकन-अमेरिकन लोकांची हक्कांसाठी लढणारी संघटना. 1940 च्या दशकाच्या शेवटी तो तिचा राष्ट्रीय अध्यक्ष झाला, एकदा नाही दोनदा. काळ कसा होता बघा. युद्धातून पदकं घेऊन पोरं परत आली होती आणि घरी वागणूक तीच. मकारिओ गार्सिया नावाच्या सार्जंटला देशातलं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, आणि त्याच 1945 साली टेक्सासच्या एका रेस्टॉरंटने त्याला जेवण द्यायला नकार दिला. फिलिपीन्समध्ये मारला गेलेल्या फेलिक्स लोंगोरियाचे अवशेष 1949 ला आले तर गावातल्या अंत्यविधीवाल्याने चॅपल द्यायचं नाकारलं, शेवटी आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याला पुरलं.

लुलाकची त्या काळातली मोठी लढाई शाळांची. 1948 ला डेल्गाडो विरुद्ध बॅस्ट्रॉप या खटल्यात वकील गस गार्सियाने बाजू मांडली आणि कोर्टाने सांगितलं की मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळेत बसवणं बेकायदेशीर. पण एक फट ठेवली, ज्या मुलांना इंग्रजी येत नाही त्यांना पहिलीत वेगळं बसवता येईल, त्याच आवारात. झालं, टाळाटाळ करणाऱ्यांना तेवढं पुरलं आणि अंमलबजावणी वर्षानुवर्षं रखडली.

याशिवाय ब्रासेरोंचा प्रश्न होता. 1942 च्या करारानुसार मेक्सिकोतून हंगामी शेतमजूर अमेरिकेत यायचे, आणि त्यांना मिळणारी वागणूक इतकी वाईट की मेक्सिकोच्या सरकारने सुरुवातीला टेक्सासला मजूर पाठवायलाच नकार दिला होता. या मजुरांच्या प्रश्नावर कॉर्टेझने राष्ट्राध्यक्ष ट्रूमन आणि मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष मिगेल आलेमान या दोघांच्या पातळीपर्यंत काम केलं.

मग टीव्ही. 1955 मध्ये त्याने के-सी-ओ-आर टीव्ही सुरू केलं, चॅनेल 41, अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं पहिलं स्पॅनिश टीव्ही स्टेशन. अडचण अशी की तेव्हाच्या बहुतेक टीव्ही सेटवर 2 ते 13 एवढीच चॅनेलं लागायची. 41 बघायचं तर वेगळा कन्व्हर्टर डबा विकत आणून सेटला जोडायचा, वेगळा अँटेना लावायचा, मग बटण हळूहळू फिरवत चित्र पकडायचं. गरीब वस्तीतल्या घरांनी हा खर्च केला, कारण मेक्सिकोतले कलाकार आपल्या भाषेत घरात दिसणार होते. पण जाहिरातदारांना हे प्रेक्षक दिसतच नव्हते, प्रेक्षकमोजणीत स्पॅनिश घरं धरलीच जात नसत. रेडिओवर कमावलेला पैसा टीव्ही खात राहिला. सेट बनवणाऱ्यांनी सगळी चॅनेलं दिलीच पाहिजेत हा कायदा 1962 ला आला, कॉर्टेझच्या दृष्टीने उशिराच.

कारण 1961 मध्येच त्याने ते स्टेशन विकलं होतं. घेणाऱ्यांत मेक्सिकोतला बडा प्रसारक एमिलिओ आस्काररागा होता आणि कॉर्टेझचा जावई एमिलिओ निकोलासही, जो आधीपासून तिथे कार्यक्रम तयार करायचा. नाव बदलून के-डब्ल्यू-ई-एक्स झालं, त्यातून आणि लॉस एंजेलिसच्या स्टेशनातून स्पॅनिश इंटरनॅशनल नेटवर्क उभं राहिलं, आणि 1987 ला त्याचंच नाव युनिव्हिजन झालं. कॉर्टेझ 1971 मध्येच गेला होता. नेटवर्कचा इतिहास सांगताना 1961-62 पासून सुरुवात करणाऱ्यांनी आधीची सहा वर्षं कुणी तोट्यात चालवली तेही सांगायला हवं.