घरच्या बिअरला पन्नास वेळा परवानगी

'घरी दारू करतात' असं म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर गूळ, नवसागर, पत्र्याचे डबे आणि ओढ्याकाठची झुडपं उभी राहतात. त्यामुळे अमेरिकेतल्या साध्यासुध्या नोकरदारांनी घरी बिअर करता यावी म्हणून आपापल्या राज्याच्या विधिमंडळाचे उंबरे झिजवले, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. पण ही हातभट्टी नव्हे. हातभट्टीत आंबवलेलं रसायन उकळून त्याची वाफ धरतात. बिअरमध्ये वाफ धरायचीच नसते. जवाला मोड आणून वाळवला की माल्ट होतो. त्या माल्टचं गोड पाणी तासभर उकळायचं, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं टाकायची, गार करून यीस्ट घालायचं आणि बादलीला झाकण लावून कोपऱ्यात ठेवून द्यायचं. झाकणावर पाणी भरलेली एक बोटभर नळी असते. तिच्यातून काही दिवस बुडबुड आवाज येत राहतो आणि घरभर ताज्या पावासारखा वास पसरतो. दोनेक आठवड्यांनी थोडी साखर मिसळून बाटल्या भरायच्या आणि त्यांना फेस धरेपर्यंत थांबायचं. नेहमीचा घाणा पाच गॅलनचा, म्हणजे साधारण १९ लिटरचा असतो. त्यातून पन्नासेक बाटल्या निघतात.

एवढ्याशा उद्योगासाठी कायदा का लागला, हे कळायला दारूबंदीच्या काळात जावं लागतं. त्याआधी अमेरिकेत घरची बिअर ही लोणच्याइतकीच घरगुती गोष्ट होती. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७५७ सालच्या वहीत हलक्या बिअरची कृती त्यांच्याच हस्ताक्षरात आहे. मग अठरावी घटनादुरुस्ती आली आणि जानेवारी १९२० पासून देशभर दारूबंदी लागू झाली. ती अमलात आणणाऱ्या व्होल्स्टेड कायद्यात एक चोरवाट ठेवलेली होती. घरात वापरण्यासाठी फळांचा रस आणि सफरचंदाचा रस काढायला मुभा होती, आणि रस आपला आपण आंबला तर त्याला कोण काय करणार? द्राक्षांचे मळेवाले त्या काळात चांगले तरले. बिअरला ही वाट नव्हती. जव काही आपोआप उकळत नाही. त्याला भिजवावं लागतं, शिजवावं लागतं, म्हणजे हेतू उघडा पडतो. तरी लोकांनी बिअर केलीच. मोठमोठ्या बिअर कंपन्या 'बेकिंगसाठी' म्हणून माल्टचा पाक डब्यांतून विकत होत्या. तेवढ्या पाकाचे पाव अमेरिकेने खरोखर भाजले असते तर देशात आणखी काही शिजवायची गरजच उरली नसती.

५ डिसेंबर १९३३ ला यूटा राज्याने एकविसाव्या घटनादुरुस्तीला मान्यता दिली. ही छत्तिसावी मान्यता होती. तिच्यामुळे तीन चतुर्थांश राज्यांचा आकडा पुरा झाला आणि बंदी उठली. यानंतर केंद्राच्या करकायद्यात घरच्या वाइनला सवलत मिळाली. कुटुंबप्रमुखाने घरापुरती वाइन केली तर तिच्यावर कर नव्हता. बिअरचं नाव मात्र त्यात आलंच नाही. टंकलेखकाकडून 'आणि बिअर' हे शब्द टाइप करायचे राहून गेले, अशी दंतकथा घरी बिअर करणारे मोठ्या चवीने सांगतात. मला ती पटत नाही. बंदीच्या काळातही वाइनच्या मागे फळबागायतदार उभे होते. घरच्या बिअरच्या मागे कोण उभं राहणार होतं? बिअर कंपन्या तर मुळीच नाही. कारण काहीही असो, पुढची पंचेचाळीस वर्षं घरी बिअर करणं केंद्राच्या लेखी करचुकवेगिरी राहिली.

ही चूक ज्या विधेयकातून दुरुस्त झाली त्याचं नाव वाचलं तर त्यात बिअर आहे हे शोधावं लागतं. एच. आर. १३३७ हे मुळात ट्रक, बस आणि ट्रॅक्टर यांच्यावरच्या उत्पादनशुल्काबद्दल होतं. पिकांवर फवारणी करणाऱ्या विमानांच्या इंधनावरचा कर परत देण्याची तरतूदही त्याच गाठोड्यात होती. कॅलिफोर्नियाचे सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी त्यात घरच्या बिअरची दुरुस्ती बसवली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ ला सही केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून ती लागू झाली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त करता येऊ लागली. विकायची मात्र नाही. दारू गाळायला तर याही कायद्याने परवानगी दिली नाही. त्याच वर्षअखेरीस चार्ली पापाझियन यांनी कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन ही संघटना काढली. पुढे विधिमंडळांतल्या सगळ्या लढायांत तिचा हात राहिला.

आजही अनेक जण छातीठोकपणे सांगतात, की कार्टर यांनी घरची बिअर कायदेशीर केली. ते अर्धंच खरं आहे. कार्टर यांच्या सहीने केंद्राचा कर माफ झाला, पण बिअर करायची परवानगी देणं त्यांच्या हातात नव्हतं. एकविसाव्या घटनादुरुस्तीच्या दुसऱ्या कलमाने दारूचा विषय राज्यांच्या हवाली केलेला आहे. आपल्याला हे समजायला फारसं जड जाऊ नये. भारतीय राज्यघटनेत मादक पेयं राज्यसूचीत आठव्या क्रमांकावर आहेत. म्हणून तर महाराष्ट्रात १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामुळे अजूनही पिण्याचा परवाना नावाची चीज अस्तित्वात आहे आणि बांद्याहून पुढे गोव्यात शिरलं की तो कोणी विचारत नाही. अमेरिकेतही तसंच. वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारने दार उघडलं तरी राज्याराज्यांत कडी आतूनच होती.

बऱ्याच राज्यांनी ती कडी लवकर आणि बिनबोभाट काढली. काही ठिकाणी कायद्यात घरच्या बिअरचा उल्लेखच नव्हता, आणि उल्लेख नाही म्हणजे मुभा आहे असं धरून सगळे चालले. गंमत अशी की ज्या यूटाच्या मतावर १९३३ मध्ये देशाची बंदी उठली, त्या यूटाला आपल्या लोकांना घरी बिअर करू द्यायला २००९ साल उजाडावं लागलं. ओक्लाहोमाने २०१० मध्ये मार्ग मोकळा केला.

मुभा मिळाली तरी शब्दांची अडचण असतेच. ओरेगॉन तर बिअरवेडं राज्य. तिथल्या कायद्यात घरी पिण्यासाठी केलेल्या बिअरला सूट होती. २०१० मध्ये सरकारी वकिलांनी त्या शब्दांचा काटेकोर अर्थ लावला. घरी पिण्यासाठी आहे ना? मग घराबाहेर न्यायची नाही. त्या वर्षी ओरेगॉनच्या राज्यजत्रेतली घरगुती बिअरची स्पर्धा रद्द करावी लागली. भोपळे आणि मुरंबे जत्रेत पोहोचले, बाटल्या घरीच राहिल्या. २०११ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलला तेव्हा कुठे त्या उंबऱ्याबाहेर पडल्या. विस्कॉन्सिनलाही असाच गुंता नंतर सोडवावा लागला.

शेवटी उरली दोन शेजारी राज्यं, मिसिसिपी आणि अलाबामा.

मिसिसिपीचं दारूशी नातं काय होतं हे सांगायला एका परिच्छेदात भागणार नाही, तरी दोन गोष्टी सांगतोच. जानेवारी १९१८ मध्ये देशाच्या दारूबंदीला सगळ्यांत आधी मान्यता देणारं राज्य मिसिसिपीच, आणि राज्याची बंदी सगळ्यांत शेवटी, १९६६ मध्ये, उठवणारंही तेच. मधल्या काळात १९४४ पासून तिथे एक अजब कर होता. दारू विकणं बेकायदा होतं, पण विकलेल्या बेकायदा दारूवर सरकार रीतसर कर वसूल करत होतं. आणि १९५२ मध्ये नोआ स्वेट या तरुण आमदाराने व्हिस्कीवर आपली भूमिका मांडणारं एक भाषण केलं. व्हिस्की म्हणजे घरं उद्ध्वस्त करणारं, लेकरांच्या तोंडचा घास काढणारं विष म्हणत असाल, तर माझा तिला विरोध आहे. आणि व्हिस्की म्हणजे मैफलीत रंग भरणारी, जिच्या करातून दवाखाने, शाळा आणि रस्ते होतात ती म्हणत असाल, तर मी तिच्या बाजूने आहे. ही माझी भूमिका आणि तिच्यापासून मी हटणार नाही, असा त्याचा आशय होता. विधिमंडळात दारूवर बोलणाऱ्याची गोची याहून नेमकी कुणी पकडली असेल असं मला वाटत नाही. साठ वर्षांनीही आमदारांची खासगीतली आणि सभागृहातली मतं याच दोन टोकांना बांधलेली होती.

अलाबामात हे अधिक उघडपणे दिसलं. तिथे चर्चशी जोडलेल्या संघटना दारूविषयीच्या प्रत्येक विधेयकाला विरोध करत. शिवाय अलाबामाच्या विधिमंडळाचं नेहमीचं अधिवेशन १०५ दिवसांच्या मुदतीत फार तर ३० बैठकांचं असतं. तिथे विधेयक पाडायला बहुमत लागत नाही. नुसतं लांबण लावलं तरी मुदत संपते आणि ते बासनात जातं. पुढच्या वर्षी पहिल्यापासून श्रीगणेशा.

म्हणून बिअरवाल्यांनी एकदम सगळं मागितलं नाही. २००४ मध्ये स्थापन झालेल्या 'फ्री द हॉप्स' या गटाने आधी दुकानातल्या बिअरचा प्रश्न धरला. त्या वेळी अलाबामात ६ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेली बिअर विकता येत नव्हती. २००८ मध्ये त्यावर चर्चा चालू असताना मॉन्टगोमेरीचे आमदार ॲल्विन होम्स यांनी सभागृहात विचारलं, की आत्ता मिळते त्या बिअरमध्ये वाईट काय आहे, ती चांगली लागते की! या भाषणाची चित्रफीत देशभर फिरली आणि लोक पोट धरून हसले. विधेयकाचा त्याने तोटा न होता फायदाच झाला असावा. २००९ मध्ये ही मर्यादा १३.९ टक्के झाली. २०११ मध्ये छोट्या ब्रूअरींना आपल्या जागेत ग्राहकांना बिअर पाजायची सोय झाली. २०१२ मध्ये मोठ्या बाटल्यांना परवानगी मिळाली. अलाबामात एक एक पायरी अशी चढली गेली. घरची बिअर सगळ्यांत वरच्या पायरीवर राहिली, कारण तिच्यातून ना सरकारला कर मिळणार होता, ना कुणाला रोजगार. आमदाराला मतदारसंघात सांगण्याजोगं तिच्यात काही नव्हतं.

त्यातच सप्टेंबर २०१२ उजाडला. महिन्याच्या पहिल्या तारखेला व्हाइट हाउसने आपल्या मधाच्या बिअरची कृती जाहीर केली. ओबामांच्या स्वयंपाक्यांनी बागेतल्या पोळ्यांचा मध घालून तिथल्या स्वयंपाकघरातच ही बिअर केली होती. त्याच महिन्यात अलाबामाच्या दारू नियंत्रण मंडळाच्या माणसांनी बर्मिंगहॅममधल्या एका बिअरच्या दुकानावर छापा घातला आणि घरी बिअर करायचं विक्रीला ठेवलेलं साहित्य उचलून नेलं. राष्ट्राध्यक्षांच्या ओट्यावर जे चालतं ते बर्मिंगहॅमच्या फडताळात गुन्ह्याचा मुद्देमाल ठरतं, हा विरोधाभास सांगायला मग कुठल्या प्रचारपत्रकाची गरज उरली नाही.

घरी बिअर करणाऱ्यांनी 'राइट टू ब्रू', म्हणजे बिअर करण्याचा हक्क, या नावाने आमदारांच्या भेटीगाठी चालूच ठेवल्या होत्या. २०१३ च्या अधिवेशनात हंट्सव्हिलचे रिपब्लिकन आमदार मॅक मॅककचन यांनी एच. बी. ९ हे विधेयक आणलं. हंट्सव्हिल म्हणजे अवकाश संशोधनाचं गाव, जिथे नासाचं मार्शल केंद्र आहे. बाहेरून इथे येऊन राहिलेल्या इंजिनीअरांना आधीच्या राज्यात जे उघडपणे करत होतो ते इथे लपून का करायचं, हा प्रश्न पडणं साहजिकच होतं. विरोधकांचे मुद्दे तेच होते. पोरंटोरं पितील, नियंत्रण कुणाचं राहील, घरोघरी भट्ट्या लागतील. वाफ धरणं आणि नुसतं आंबवणं यातला फरक अलाबामातही समजावून सांगावा लागलाच.

तिकडे मिसिसिपीने मार्च २०१३ मध्ये आपला कायदा करून टाकला होता. राज्यपाल फिल ब्रायंट यांनी सही केली, पण अंमल १ जुलैपासून होता. अलाबामाचं विधेयक मे महिन्यात मंजूर झालं आणि राज्यपाल रॉबर्ट बेंटली यांनी ९ मे ला सही केल्याबरोबर लागू झालं. त्यामुळे सही आधी मिसिसिपीची, पण घरात बिअर आधी शिजली ती अलाबामात. पन्नासावं राज्य कोणतं, यावर अजूनही वाद घालता येतो. अंमलाच्या तारखेने पाहिलं तर १९१८ मध्ये बंदीच्या रांगेत पहिलं उभं राहिलेलं मिसिसिपी इथे शेवटचं ठरतं.

मिसिसिपीने केंद्राचेच १०० आणि २०० गॅलनचे आकडे घेतले. अलाबामाच्या आमदारांनी मात्र हात आखडता ठेवला. तिथे वयाची २१ वर्षं पुरी असलेल्याला तीन महिन्यांत १५ गॅलन करता येतात, आणि त्यात बिअर, वाइन, मधाची मीड, सफरचंदाची सायडर सगळं आलं. म्हणजे महिन्याला सरासरी एक घाणा. ज्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, दारूविक्रीला बंदी आहे, तिथे तेवढाही नाही. अशा कोरड्या काउंट्या अलाबामात होत्याच. तिथल्या रहिवाशाला घाणा चढवायचा तर हद्दीपलीकडच्या एखाद्या मित्राचं स्वयंपाकघर मागावं लागे.