चहाचा मळा, चेरीचा बहर आणि ताईची तारीख

आमच्या फॅमिली ग्रुपवर ताईने एक फोटो टाकला. पुढे चहाच्या झुडपांच्या वळणावळणाच्या रांगा, एकदम कोवळ्या पोपटी, कडेने गुलाबी-पांढऱ्या फुलांनी लगडलेली चेरीची झाडं आणि मागे डोक्यावर बर्फ घेतलेला फुजी. खाली एकच ओळ, "पुढच्या वर्षी इथे जायचं, तारीख तू काढ." घरात असलं काहीबाही वाचणारा मी एकटाच, त्यामुळे ही कामं माझ्याच गळ्यात पडतात. जागा पटकन कळली, फुजीही आहे आणि चहाही आहे म्हणजे जपानचा शिझुओका प्रांत. तारखेने मात्र तीन रात्री खाल्ल्या, आणि तिसऱ्या रात्री लक्षात आलं की गोंधळ त्या फोटोतच आहे.

झालंय असं की चहा आणि चेरी शेजारीशेजारी उभे असले तरी दोघांचं वसंताचं घड्याळ वेगळं आहे.

आधी चेरी. मार्चमध्ये फुलणाऱ्या कळ्या मार्चमध्ये तयार होतच नाहीत, त्या आदल्या उन्हाळ्यातच, जुलै-ऑगस्टच्या सुमारास बनून बसलेल्या असतात. मग फुलत का नाहीत, तर पानं त्यांना झोपवून ठेवतात. पानांमध्ये ॲब्सिसिक ॲसिड नावाचं संप्रेरक तयार होतं, ते कळ्यांपर्यंत पोचतं आणि कळी गप्प बसते. हे कशावरून, तर २०१८ च्या सप्टेंबरमध्ये जपानला मोठमोठी वादळं धडकली, झाडांची पानं वेळेआधीच झडली, आणि ऑक्टोबरमध्ये ठिकठिकाणी चेरीला भलत्याच ऋतूत फुलं आली. पहारेकरीच पळाला आणि वर हवाही उबदार, मग कळ्यांनी तरी काय करायचं.

एरवी ही झोप थंडीने मोडते. हे जरा उलटं वाटतं पण आपल्याला नवीन नाही, कोकणात हापूसचा मोहोर धरायलाही रात्री गार पडाव्या लागतात आणि डिसेंबर कोरडाच उकडत गेला की बागायतदाराचा चेहरा पडतो. चेरीला ह्याहून बरीच कडक थंडी लागते, पाच डिग्रीच्या आसपासची, आणि तीही अनेक आठवडे. तेवढी थंडी खाऊन झाली की कळी जागी होते पण लगेच उमलत नाही, आता तिला ऊब हवी असते. म्हणजे आधी पुरेसा गारठा आणि मग पुरेशी ऊब, अशा दोन अटी आहेत. हिवाळाच नीट पडला नाही तर पहिली अट रखडते, म्हणून अलीकडे उबदार हिवाळ्यानंतर दक्षिणेकडच्या कागोशिमाच्या आधी टोकियोत फुलं येतात असंही होतं. अगदी दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवर तर नेहमीची चेरी जमतच नाही, तिथे वेगळी गडद गुलाबी जात आहे, ती जानेवारीतच फुलते आणि बहर उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकतो, कारण गारवा आधी उत्तरेला पोचतो!

दुसऱ्या अटीसाठी जपानी लोकांकडे एक झकास ठोकताळा आहे, सहाशे डिग्रीचा. १ फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान नुसतं बेरजेला टाकत जायचं, बेरीज सहाशेला पोचली की फुलं आली समजा. मी एक्सेल उघडून टोकियोचे सरासरी आकडे टाकले. फेब्रुवारीत कमाल साधारण ११ डिग्री, गुणिले २८ दिवस, झाले ३०८. उरले २९२, मार्चच्या पहिल्या तीन आठवड्यांची सरासरी साडेतेराच्या आसपास धरली तर आणखी बावीसेक दिवस, म्हणजे २२ मार्च. आणि टोकियोची सरकारी सरासरी तारीख आहे २४ मार्च! एवढ्या गावठी बेरजेला दोनच दिवसांची चूक, मी तर खूश झालो. अर्थात हे सरासरीचं झालं, खरं वर्ष सरासरीसारखं कधीच वागत नाही त्यामुळे सहा महिने आधी तिकीट काढणाऱ्याला ह्याचा उपयोग मर्यादितच.

आणि "फुलं आली" हे ठरवतात कसं तर अगदी आपल्या तलाठ्याच्या पंचनाम्यासारखं. हवामान खात्याने ठिकठिकाणी एकेक नमुन्याचं झाड ठरवून ठेवलंय, टोकियोचं यासुकुनी देवळाच्या आवारात आहे. खात्याचा माणूस जातो, वर बघून बोटाने फुलं मोजतो, पाच-सहा उमललेली दिसली की बहर सुरू झाल्याचं जाहीर. ऐंशी टक्के उमलली की पूर्ण बहर, ते साधारण आठवडाभराने. त्यानंतर एखादा वादळी पाऊस आला की खेळ खलास.

पण एका झाडाची पाच फुलं मोजून अख्ख्या शहराचं कसं काय सांगता येतं? कारण शहरातली बहुतेक झाडं म्हणजे तेच एक झाड आहे. ह्या जातीचं नाव सोमेइ योशिनो. एडोच्या म्हणजे आजच्या टोकियोच्या सोमेइ गावातल्या माळ्यांनी ती एकोणिसाव्या शतकात पसरवली आणि तेव्हापासून ती फक्त कलमानेच वाढत आली आहे. हापूसची कोय लावून हापूस मिळेलच असं नसतं, कलमच बांधावं लागतं, तसंच इथे. सगळ्यांचा डीएनए एकच असल्याने थंडीचा हिशोबही एकच, म्हणून नदीकाठची शंभर झाडं एकाच दिवशी ठरवून फुलल्यासारखी फुलतात. ह्यांचे परागकण एकमेकांना चालतही नाहीत, झाड स्वतःचे पराग ओळखून नाकारतं, आणि इथे शेजारचं झाड म्हणजे पण तेच की. एवढी फुलं आणि फळांच्या नावाने जवळपास शून्य.

क्योटोमधल्या बहराच्या नोंदी तर इसवी सन ८१२ पासूनच्या सापडतात. दरबारी लोक डायरीत लिहायचे ना, आज फुलं बघायला जमलो, अमक्याने कविता म्हटली वगैरे, त्यातून यासुयुकी आओनो ह्या संशोधकाने शतकानुशतकांच्या तारखा वेचून काढल्या (ती चेरी सोमेइ नव्हे, डोंगरातली रानटी). २०२१ मध्ये क्योटोचा पूर्ण बहर २६ मार्चला आला आणि आधीचा १४०९ सालचा २७ मार्चचा रेकॉर्ड मोडला. सहाशे वर्षांपूर्वी कोणीतरी पार्टीला गेल्याचं लिहून ठेवलं आणि ते आज हवामानबदलाचा पुरावा म्हणून उपयोगी पडतंय, मला हे भारी वाटतं.

आता चहा. चहाचं झुडूप सदाहरित आहे, हिवाळ्यात पानं गाळत नाही, पण वाढ थांबवून बसतं आणि त्याची पानं गडद, जाड, चामड्यासारखी होतात. ह्या काळात मुळांमध्ये थिॲनिन नावाचं अमिनो आम्ल तयार होऊन साठत राहतं, वसंतात ते नव्या कोंबात चढतं आणि पहिल्या खुडीच्या ग्रीन टीला ती गोडसर, किंचित सूपसारखी चव येते. पुढे ऊन वाढलं की त्याच थिॲनिनचं कॅटेचिन होतं, म्हणजे तुरटपणा, म्हणून दुसऱ्या खुडीचा चहा स्वस्त. ग्योकुरो नावाचा महागडा चहा करताना तर खुडीच्या आधी काही आठवडे झुडपांवर चक्क आच्छादन टाकतात, ऊन नको आणि तुरटपणाही नको.

पहिल्या खुडीचा जुना हिशोब असा की पंचांगातला वसंतारंभ, साधारण ४ फेब्रुवारी, तिथून अठ्ठ्याऐंशीवी रात्र. येते १-२ मेच्या सुमारास. शिझुओकाच्या सखल भागात त्याच्या दहा-बारा दिवस आधीच खुडायला सुरुवात होते. तिथला मोठा मळा म्हणजे माकिनोहारा पठार, १८६९ नंतर शोगुनची, म्हणजे जुन्या लष्करी राज्यकर्त्याची, नोकरी गेलेल्या सामुराईंनी तलवारी ठेवून ते माळरान फोडलं आणि चहा लावला. आणि गंमत म्हणजे चहाही बहुतेक एकाच झाडाची कलमं आहेत! जात याबुकिता, म्हणजे बांबूच्या बेटाच्या उत्तरेकडची. सुगियामा हिकोसाबुरो नावाच्या शेतकऱ्याने १९०८ मध्ये निवडलेलं एक रोप, ते मूळ झाड शिझुओका शहरात अजून उभं आहे आणि जपानमधल्या निम्म्याहून कितीतरी जास्त चहाच्या जमिनीवर त्याचीच छाट कलमातून वाढवलेली भावंडं आहेत. म्हणजे ताईच्या फोटोत दिसायला हजारो झाडं पण खरी दोनच.

आता फोटोकडे येतो. फोटो मोठा करून पाहिला तर चेरीच्या फुलाला पाच पाकळ्या आणि फांदीवर एकही पान नाही, आपल्या पळसासारखी नुसती फुलंच फुलं. म्हणजे सोमेइ योशिनो, म्हणजे मार्चची अखेर ते फार तर एप्रिलचा पहिला आठवडा. पण तेव्हा याबुकिताचा कोंब जेमतेम टोक काढत असतो, मळा गडद हिरवा असतो. मग हा पोपटी रंग आला कुठून? मोबाईलमधून, दुसरं काय. एवढ्या लोभस रंगावर ताई भाळली ह्यात तिची चूक नाही, पण त्या फोटोतला दिवस कॅलेंडरमध्ये शोधून सापडणार नव्हता.

पर्याय आहेत. इझु द्वीपकल्पात कावाझुला फेब्रुवारीतच फुलणारी चेरी आहे, बहर महिनाभर टिकतो, पण तेव्हा चहा गाढ झोपेत. आपल्याकडे सिक्कीममध्ये टेमीचा सरकारी मळा आहे, १९६९ चा, तिथेही चेरी आहे, व्हिसाही नको, फक्त ती हिमालयातली जात फुलते नोव्हेंबरमध्ये, मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर पहिल्या खुडीचा चहा मिळेल, फुलं नाही. वसंत आणि दोन्ही एकत्र हवंच असेल तर उशिराची दुहेरी चेरी गाठायची, यायेझाकुरा. हिच्यातली कांझान जात घ्या, एका फुलात वीस ते पन्नास पाकळ्या, झेंडूच्या गोंड्यासारखी भरगच्च आणि सोबत तांबूस कोवळी पानं. ही सोमेइनंतर दोनेक आठवड्यांनी फुलते म्हणजे एप्रिलच्या मध्याला, आणि तोवर चहाचे कोंब खरोखर पोपटी व्हायला लागलेले असतात. शिवाय २९ एप्रिलपासून जपानात सुट्ट्यांचा आठवडा लागतो, हॉटेलचे दर आभाळाला टेकतात, त्याच्या आत परतही येता येतं. ताईच्या पोरांची परीक्षा १० एप्रिलला संपते, त्यामुळे १५ ते २० एप्रिल पक्कं केलं.

ह्याच दुहेरी फुलांचा एक "चहा"ही असतो, साकुरायू. फुलं मीठ आणि आंबट फळाच्या पाण्यात मुरवून ठेवतात, लग्नकार्यात कपात एक फूल टाकून वर गरम पाणी ओततात, मिटलेलं फूल हळूहळू उलगडतं. चहाची पत्ती त्यात औषधालाही नाही. वास येतो तो कूमारिनचा, वाळत्या गवताच्या गंजीसारखा थोडा गोड. झाडावरच्या ताज्या पानाला हा वास जवळपास नसतो कारण कूमारिन साखरेच्या रेणूला बांधलेलं असतं, मिठाने पेशी फुटल्या की विकर (एन्झाइम) ते सोडवतं आणि मग घमघमाट. चेरीची अशी खारवलेली पानं (ती मिठाईला गुंडाळतात) देशभरात जातात ती बहुतांश इझुतल्या मात्सुझाकी गावातून, म्हणजे शिझुओकातूनच. एक बरणी आणायची ठरलीय.

राहता राहिले पंखे. मळ्यात दर थोड्या अंतरावर उंच खांबांवर पंखे दिसतात, नवख्याला वाटतं पवनचक्क्या, पण ते वीज खातात. निरभ्र रात्री जमीन उष्णता आकाशात सोडून देते, झुडपाजवळची हवा सर्वात गार होते आणि सहा-सात मीटर वरची हवा काही डिग्री उबदार राहते, पंखा ती वरची हवा खाली ढकलतो आणि कोवळा कोंब दहिवरापासून, म्हणजे गोठलेल्या दवापासून, वाचतो. निफाडला पारा घसरला की द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या करतात, तेच काम इथे सेन्सर करतो, झुडपाजवळचं तापमान ठराविक आकड्याखाली गेलं की पंखा आपोआप चालू. तसं ह्या दहिवराची भीती मेच्या सुरुवातीपर्यंत संपत नाही. ताईने मुक्काम अगदी मळ्याला लागून घेतलाय, बुकिंगवर लिहिलंय "अत्यंत शांत परिसर". निरभ्र रात्र पडली तर पहाटे तीनला काय सुरू होईल ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.