निर्णय साहाय्य प्रणाली: अहवालांच्या गठ्ठ्यापासून ‘समजा, असं केलं तर?’पर्यंत

मोठ्या कंपन्यांत संगणक आला तो कारकुनी कामासाठी: पगारपत्रकं, बिलं, मालसाठ्याच्या नोंदी. १९६४मध्ये आयबीएमने ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकांची मालिका जाहीर केली. याच सुमारास या नोंदींतून साहेबलोकांसाठी अहवाल काढण्याची टूम निघाली आणि टेबलांवर छापील कागदांचे गठ्ठे येऊन पडू लागले. व्यवस्थापकांना माहिती कमी पडत नाही, बिनकामाची माहिती उतू जाते, असं व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक रसेल अ‍ॅकॉफ यांनी १९६७मध्येच सुनावलं होतं. आकडे-आलेख एका पडद्यावर मांडणाऱ्या आजच्या डॅशबोर्डांनाही हे लागू पडतं, पण ते असो.

याच काळात मायकेल स्कॉट मॉर्टन हार्वर्डमध्ये डॉक्टरेटसाठी काम करत होते. वेस्टिंगहाउस या अमेरिकी कंपनीच्या कपडे धुण्याच्या यंत्रांचं उत्पादन-नियोजन त्यांनी अभ्यासाला घेतलं. अशा नियोजनात विक्रीवाल्यांना माल हाताशी हवा असतो, उत्पादनवाल्यांना कारखान्याची घडी मोडायची नसते. स्कॉट मॉर्टन यांनी छापील अहवालाऐवजी त्यांच्यापुढे संगणकाचा पडदा ठेवला. आकडा बदलायचा, आलेख पाहायचा, पटलं नाही तर पुन्हा बदलायचा.

१९७१मध्ये अँथनी गॉरी यांच्यासोबत लिहिलेल्या लेखात त्यांनी या प्रकाराला ‘डिसिजन सपोर्ट सिस्टिम’, म्हणजेच निर्णय साहाय्य प्रणाली, म्हटलं. पाया निर्णयप्रक्रियेचे अभ्यासक हर्बर्ट सायमन यांच्या मांडणीचा होता. साठा ठरावीक पातळीखाली गेला की मागणी नोंदवायची, हे यंत्रावर सोपवता येतं. नव्या धंद्यात उतरायचं की नाही, हे नाही. मधल्या अर्धवट सुटणाऱ्या प्रश्नांत आकडेमोड यंत्राने करावी आणि कौल माणसाने द्यावा, अशी ही वाटणी.

कागदावर हे छान होतं. अडचण व्यवस्थापनाचे प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९७०मध्येच ओळखली होती: व्यवस्थापक तज्ज्ञांची मॉडेलं, म्हणजे धंद्याची गणिती प्रारूपं, वापरतच नाहीत, कारण ती त्यांना उमगत नाहीत. मॉडेल साधं हवं आणि त्याचा लगाम वापरणाऱ्याच्या हाती हवा, असा त्यांचा आग्रह होता.

माझ्या मते ही कोंडी फोडली ती स्प्रेडशीटने, म्हणजे संगणकावरच्या आकड्यांच्या तक्त्याने. हार्वर्डमध्ये एमबीए करणारे डॅन ब्रिकलिन वर्गात पाहायचे, की फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला तरी पुढचे सगळे पुसून नव्याने लिहावे लागतात. बॉब फ्रँकस्टन यांच्यासह त्यांनी केलेलं ‘व्हिजिकॅल्क’ १९७९मध्ये अ‍ॅपल टू या छोट्या संगणकावर आलं. आता एक घर बदललं की त्यावर अवलंबून असलेली सगळी घरं आपोआप बदलत. ‘समजा, किंमत थोडी वाढवली तर?’ हे विचारायला संगणक विभागाकडे अर्ज करण्याची गरज उरली नाही.

पुढे वरिष्ठांसाठी ‘एक्झिक्युटिव्ह इन्फॉर्मेशन सिस्टिम’, विखुरलेल्या नोंदी एकत्र आणणारी डेटा वेअरहाउस, साठवलेले आकडे वेगवेगळ्या बाजूंनी तपासून पाहण्यासाठी १९९३मध्ये एडगर कॉड यांनी रूढ केलेली ‘ओलॅप’ ही संज्ञा आणि मग ‘बिझनेस इंटेलिजन्स’ अशी नावं बदलत गेली. गाभा मात्र बराचसा तोच राहिला.

खरा फरक मशीन लर्निंगने, म्हणजे जुन्या नोंदींवरून स्वतःच शिकणाऱ्या मॉडेलांनी, पडला. कर्जाचा अर्ज मंजूर करावा की नाही, हे आता मॉडेल सुचवतं, आणि त्याने तसं का सुचवलं हे ते बनवणाऱ्यांनाही पुष्कळदा धड सांगता येत नाही. लिटल यांची तक्रार अशी पुन्हा पुढ्यात आली आहे, तीही जास्त बिकट होऊन: न उमगणारी मॉडेलं तेव्हा बाजूला पडत, आता ती सर्रास वापरली जातात. २०१८पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या ‘जीडीपीआर’ या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नियमांनी, आपल्यावर मोठा परिणाम करणारा निर्णय केवळ यंत्राने घेतला असेल, तर त्यात माणसाने लक्ष घालावं अशी मागणी करण्याचा हक्क अर्जदाराला दिला आहे.